ऑफसाईडची चतुःसीमा

आज संध्याकाळी मैदानावर फक्की पडली.

पाऊस ओसरला, गणपती गावाला गेले, की आमच्या भुसावळात रेल्वे वसाहतीमागच्या मैदानावर एक माणूस पत्र्याचा डबा हलवत वाकून वाकून चालतो आणि त्याच्या मागे पांढरी रेघ उमटत जाते. मुलींच्या फुटबॉल सामन्यांचा मोसम आला म्हणायचा. गवत अजून ओलं असतं. त्यावर चुन्याची भुकटी पडली की एक कच्चट, गार वास सुटतो. मी तेहतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढली. रेघा, हद्दी, खुणा हा माझा जन्माचा धंदा. मला खरं तर हा वास आवडायला हवा. पण गेल्या भादव्यापासून तो नाकात गेला की छातीत काहीतरी कुरतडायला लागतं. त्याच्यासाठी जरा घरंदाज शब्द शोधून पाहिला. रुखरुख, हुरहूर, खंत. एकही बसत नाही. मत्सर हाच शब्द बरोबर आहे. तो मला झाला होता, आणि पूर्ण बरा झालाय असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

झाला तो शालूपायी. शालू म्हणजे शालिनी, माझी मैत्रीण. ती शाळेत भूगोल शिकवायची, मी मोजणीचे नकाशे सांभाळायची. ती धुळ्याकडची, मी पारोळ्याची. दोघी लग्न होऊन भुसावळात आलो, आणि इथे आमची अहिराणी कानावर पडायची मारामार. ऑफिसात, शाळेत, शेजारीपाजारी सगळीकडे जपून, इस्त्री केल्यासारखं मराठी बोलायचं. एकदा बाजारात वांगी घेताना एका बाईच्या तोंडून 'कितलं?' निघून गेलं आणि मी गर्रकन मागे वळले. ती शालू. त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही मैदानाला फेऱ्या घालतो आणि फेऱ्या घालताना मनसोक्त अहिराणी बोलतो. घरी आल्यावर घट्ट चप्पल काढल्यावर वाटतं तसं वाटायचं. ती मला विमल कधीच म्हणाली नाही. आमच्याकडे विमलची इमल होते. आई गेल्यावर मला इमल म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं आहे.

रोज सात फेऱ्या. शालू आतल्या बाजूला, मी बाहेरच्या. मध्ये फुटाण्यांची एक पुडी. दुसऱ्या फेरीला मुलं-सुना, चौथीला गुडघे, सहावीला ज्यांच्याबद्दल बोलू नये असे सगळे लोक. मैदानाच्या आत काय चालतं याकडे आम्ही इतक्या वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं. आत कुणी क्रिकेट खेळो, कुणी सायकल शिको, आमचा संसार कडेकडेने चाललेला.

गेल्या वर्षी भादव्यात चौथ्या फेरीलाच शालूचा गुडघा कुरकुरला. 'तू मार फेरी, मी बठस जराशी' म्हणून ती लोखंडी गॅलरीच्या पायरीवर टेकली. मी एक फेरी मारून आले तर तिच्या शेजारी काळ्या कपड्यातली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई पाय लांब करून बसलेली, आणि शालू आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या घोट्यावर ओततेय. ही लीना. सावद्याच्या एका शाळेत खेळ शिकवते, पस्तिशीची असेल, आणि या सामन्यांत पंच म्हणून येते. दुसऱ्या दिवशी ती केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन आली. शालूसाठी. शालूला तिने 'शालूताई' म्हटलं आणि मला 'मावशी'. मी शालूहून चार महिन्यांनी लहान आहे. हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण कुणी वेफर्स पुढे केल्यावर असं काही बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शालू तिसऱ्या फेरीला बसली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या. आठवडाभरात गुडघा ठणठणीत झाला, तरी ती बसलेलीच. रोज दोन सामने असत. एकात लीना शिट्टी घेऊन धावायची आणि दुसरा शालूशेजारी बसून बघायची. मी मात्र हट्टाला पेटून सात फेऱ्या पुऱ्या करायची. दर फेरीला त्यांच्या समोरून जाताना बोलण्याचा एक तुकडा कानावर पडे. '...म्हणून तिला पिवळं कार्ड नाही दाखवलं, नुसती समज दिली...' पुढच्या फेरीला, '...चौघींनी एकदम वर सरकायचं, एक जरी मागे राहिली तर...' त्याच्या पुढच्या फेरीला नुसतं हसू. हसू कशाचं, ते मी मागच्या वळणावर असताना होऊन गेलेलं. आपल्याला न कळलेल्या गोष्टीवर आपलं माणूस हसतंय, याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. सातव्या फेरीला मला धाप लागायची, पण ती चालल्याने नव्हती.

मी लवकर घरी यायला लागले. तेव्हा आमच्या ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, शालूताईंची बदली झाली का म्हणून. निवृत्त बाईची कसली बदली, असं मी फणकारले. पण मनात म्हटलं, झालीच आहे.

मग मी ठरवलं, शिकायचं. जिच्या जोरावर ती सावद्याची बाई माझी जागा घेऊन बसली, ती विद्याच शिकायची. झेरॉक्सच्या दुकानातून फुटबॉलचे नियम छापून आणले. इंग्रजी होते, पण सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला नियम कुठल्याही भाषेत कळतात. 'तथापि' आणि 'परंतु' कुठे येतं तेवढं बघायचं. लाल पेनने खुणा केल्या, बाजूला टाचण लिहिलं. दुपारी हे झोपले की ओट्यावर मैदानाचा नकाशा पसरायचा, प्रमाण बिमाण घालून व्यवस्थित काढलेला, आणि त्यावर बावीस चिंचोके मांडायचे. अकरा पुरे, अकरा अर्धे फोडलेले. ह्यांना वाटलं मी चिंचोक्यांचं काहीतरी औषध करते.

ऑफसाईड कळायला मला चार दुपारी लागल्या. नियम असा: आपल्या खेळाडूने पुढे चेंडू मारला, तर समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात आपण चेंडूच्याही पुढे आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असायचं नाही. शेवटची बहुतेक गोलरक्षक असते, म्हणून बघायचं ते तिच्या आधीच्या मुलीला. ती जिथे उभी, तिथून एक न दिसणारी रेघ मैदानभर आडवी जाते. ती दोन पावलं वर सरकली की रेघही दोन पावलं वर. मी चिंचोका हातात धरून बसले. आयुष्यभर मी हद्दी बघितल्या त्या दगडाच्या. बांध कोरून कुणी शेजाऱ्याचं वीतभर रान खाल्लं तरी मोजणीत हद्द निघायचीच, कारण हद्द तिथेच असते, माणूस सरकतो. इथे माणूस सरकला की हद्दच सरकते. आणि या रेघेवर फक्की पडत नाही. असल्या हद्दीवर लोक रोज एकमेकांशी न भांडता कसे खेळतात याचंच मला नवल वाटलं. अर्थात भांडतातही.

त्याच पानावर आणखी एक ओळ होती, तिच्याखाली मी दोनदा लाल रेघ मारली. ऑफसाईडच्या जागी नुसतं उभं असणं हा गुन्हा नाही. खेळात लुडबूड केली तर गुन्हा. तेव्हा ती ओळ मला फक्त परीक्षेला येणारा प्रश्न वाटली होती. आता वाटतं, ती कुणी तेव्हाच नीट वाचून दाखवली असती तर बरं झालं असतं. माझ्या मनातला जळफळाट घेऊन मी फेऱ्या मारत होते तोवर मी नुसती उभीच होते.

तयारी करून मी एके दिवशी दुसऱ्या फेरीनंतर त्यांच्यापाशी जाऊन बसले. शालूने सरकून जागा केली, तीही लीनाच्या पलीकडे. त्या दिवशी दुसरा पंच आला नव्हता, म्हणून पुढच्या सामन्यालाही लीनाच आत गेली. लाल जर्सीची एक मुलगी चेंडू घेऊन निघाली होती, तिला पिवळ्यांपैकी एकीने खांद्याने ढकललं. लाल मुलगी धडपडली, सावरली, चेंडू सुटला तो तिच्याच मैत्रिणीकडे गेला.  लीनाने शिट्टी वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात पुढे पसरले आणि धावतच राहिली. मी उभी राहून ओरडले, डोळे फुटले का म्हणून. बाजूच्या दोन-चार लोकांनी वळून पाहिलं. शालूने माझ्या पदराला धरून खाली बसवलं.

सामना संपल्यावर लीना घाम पुसत आली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, त्याचाच मला राग आला. म्हणाली, "मावशी, मला दिसलं होतं ना. पन शिट्टी मारली असती तर जिला लागलं तिचंच नुकसान झालं असतं. चेंडू तर तिच्याच लोकांकडे होता." मग तिने समजावलं की याला ॲडव्हांटेज म्हणतात, पंच बघतो, लक्षात ठेवतो, खेळ चालू देतो. ढकलणारी सुटत नाही. पुढे खेळ थांबला की तिला बोलावून कार्ड दाखवता येतं. हे कलम माझ्याही टाचणात होतं, पण वाचणं आणि धावता धावता दिसणं यात फरक असतो, हे तिने मला सांगितलं नाही. शालूने सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

सामन्यांतले डावपेचही हळूहळू दिसायला लागले. निळ्या मुलींच्या चौघी मागे एका दोरीत असत. मधली एक शिडशिडीत मुलगी 'वर!' म्हणून हाक मारी आणि चौघी एकदम पुढे पाऊल टाकत, की पुढे घुसलेल्या समोरच्या मुली अलगद ऑफसाईडमध्ये सापडत. उलट केशरी मुलींची रीत वेगळी. एकीने एकीला पकडायचं, ती जाईल तिथे जायचं. बघायला शूर वाटतं. पण समोरची हुशार असली तर मुद्दाम कडेला पळत जाते, तिच्या मागे तिची राखणदारीण जाते, आणि मधली जागा उघडी पडते. शालू हे बघून म्हणाली होती की एकाच्याच मागे फिरणाऱ्याची स्वतःची जागा रिकामी राहते. ती केशरी मुलींबद्दलच बोलत होती. तरी मी त्या दिवशी तिच्याशी नीट बोलले नाही.

ते दिवस आठवले की ऊनही आठवतं. भादव्यातलं, अंगाला चिकटणारं. मालगाडीचं इंजिन लांब कुठेतरी भोंगा देई आणि बाहेरगावाहून आलेल्या नवख्या मुली क्षणभर थबकत. आमच्या मुली मात्र थबकत नसत. पाचोरा, यावल, चोपडा अशा ठिकाणांहून जीप भरभरून मुली येत, त्यांच्या आया झाडाखाली पोळी-चटणीचे डबे सोडत. कडुनिंबाच्या सावलीत ओल्या मोज्यांचा वास. बायकांच्या घोळक्यात मी आता 'त्या कळणाऱ्या मावशी' झाले होते. एखादी विचारी, आता शिट्टी कशाला झाली हो, आणि मी सांगे. त्यात गंमत होती. ती गंमत शालूला सांगावी असं वाटायचं, आणि ती दहा हातांवर लीनाशी बोलत असायची.

एका संध्याकाळी मी पाणी प्यायला वळले आणि मागून शालूचा आवाज ऐकला. 'पळाली नाही म्हणायचं. पयनी. म्हण, पयनी.' लीना म्हणाली, 'पयनी.' चुकीच्या जागी जोर देऊन म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी बाटलीचं झाकण लावत राहिले. लागेना. मैदान सगळ्यांचं होतं, गॅलरी सगळ्यांची होती, फुटबॉल तर माझा कधीच नव्हता. पण ती बोली आमची दोघींची होती. माझ्या घरातलं भांडं शालूने न विचारता शेजारणीला दिलं असतं तरी मला इतका राग आला नसता. मी तशीच घरी गेले. आणि शालूने मला हाक मारली नाही, ते बहुधा मी गेलेलं तिला दिसलंच नसेल म्हणून, असं मी धरून चालले.

उपांत्य सामना त्यानंतर दोन दिवसांनी झाला. निळ्या मुली आणि लाल मुली, पंच लीना. बरोबरी होती. लाल संघातल्या एकीने मधूनच लांब चेंडू टाकला, पुढची मुलगी तो घेऊन सुसाट गेली आणि गोल. मी नेमकी त्या वेळी फेरी मारता मारता बचाव फळीच्या सरळ रेघेत आले होते. मी डोळ्यांनी पाहिलं, त्या मुलीच्या पायात चेंडू आला तेव्हा ती निळ्या मुलींच्या दोन पावलं पुढे होती. ऑफसाईड दाखवायला कडेच्या रेघेवर झेंडा घेऊन एक मुलगी असते, तिने झेंडा वर केला नाही. लीनाने मध्यभागाकडे हात केला. गोल मंजूर. निळी शिडशिडीत मुलगी गुडघ्यावर बसून रडली. मला त्या मुलीचं वाईट वाटलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. लीना चुकली होती.

लीनाला अंतिम सामना मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. इथला अंतिम सामना आजवर कुठल्या बाईने खेळवला नव्हता, शालू चार दिवस तेच सांगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावरचे चिंचोके बाजूला सारले आणि अर्ज लिहिला. निनावी. आमच्या कार्यालयात निनावी अर्जाला मी कधी किंमत दिली नाही; प्रत्येक बांधाच्या भांडणात असला एक अर्ज यायचाच, आणि मी तो दोन बोटांनी उचलून दप्तरी दाखल करायची. आता मी अक्षर बदलून, एकेक अक्षर सुटं काढून लिहीत होते. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, उपांत्य सामन्यात आक्रमक खेळाडू ही बचाव फळीच्या चतुःसीमेबाहेर दोन पावले असतानाही पंचांनी गोल मंजूर केला. सबब सदर पंचांच्या नेमणुकीबाबत फेरविचार व्हावा.' खाली, 'एक क्रीडाप्रेमी नागरिक.' तारीख टाकली नाही. तो अर्ज घडी करून संयोजकांच्या मंडपातल्या हजेरीपटात सरकवला आणि सात फेऱ्या पूर्ण केल्या.

संयोजकांनी चौकशी वगैरे काही केली नाही. वाद नको, एवढंच. अंतिम सामन्याला जळगावहून एक पंच आला आणि लीनाला रेघेवर झेंडा मिळाला. तिने काळा शर्ट तसाच घातला होता, केस घट्ट बांधले होते. शालू गॅलरीत बसली नाही. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, कितीतरी दिवसांनी. मी लीनाच्या पाठीमागे, बरोबर तिच्या रेघेत उभी होते. मला तिला चुकताना पुन्हा बघायचं होतं की काय, देव जाणे.

लीना कडेकडेने बाजूला पावलं टाकत होती, तोंड मैदानाकडे. चेंडू लांब मध्यभागी होता आणि ती तिकडे बघतच नव्हती. ती एकटक बचाव फळीकडे बघत होती. मी कुत्सितपणे म्हणाले की पंच चेंडू सोडून भलतीकडेच बघते. शालू माझ्याकडे न बघता हळू म्हणाली, "ती चेंडू देखत नई. ऐकस."

मी पण ऐकलं. मध्यभागी कुणीतरी चेंडूला लाथ मारली, धप् असा आवाज आला, आणि त्या धप् सरशी लीनाची नजर रेघेवर खिळली. त्या क्षणी पुढची मुलगी बचाव फळीच्या अलीकडेच होती, हातभर अलीकडे. मग ती सुटली. चेंडू हवेतून येईपर्यंत ती बचावाला ओलांडून दोन पावलं, तीन पावलं पुढे. लोक ओरडले, ऑफसाईड, ऑफसाईड. लीनाचा झेंडा खालीच.

मला पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. चार दुपारी चिंचोके मांडून मी 'कुठे' पाठ केलं होतं. 'केव्हा' पाठ केलंच नव्हतं. नियमात ते पहिल्याच ओळीत होतं, चेंडू मारला जातो त्या क्षणी. पण जमीन सकाळी मोजा की संध्याकाळी, श्रावणात मोजा की वैशाखात, ती तेवढीच भरते. तेहतीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की हद्द कुठल्या क्षणाची. मी चेंडू पोचल्यावर मोजलं होतं. तो निघाला तेव्हा मोजायचं होतं. उपांत्य सामन्यातला गोल बरोबर होता. लीना बरोबर होती, रेघेवरची मुलगी बरोबर होती, आणि त्या निळ्या मुलीच्या रडण्याला दुसरं कुणी जबाबदार नव्हतं.

सामना संपला, कोण जिंकलं ते आठवावं लागेल. मंडपात बक्षिसं वाटायची तयारी सुरू झाली. मी घरी निघाले तर शालूने माझा दंड धरला. पर्समधून तिने घडी केलेला कागद काढला. संयोजकांचा सचिव तिचा जुना विद्यार्थी. एवढं सरकारी मराठी कुणाचं असेल बाई, असं विचारायला त्याने तो तिलाच दाखवला होता. तिने 'बघते' म्हणून ठेवून घेतला होता. चार दिवस तो तिच्या पर्समध्ये होता.

"चतुःसीमा कोन लिखस व, इमल?" ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत होतं, अर्जाचं. ती म्हणाली, अर्जाचं नंतर, बाकीचं आधीपासून. मी फेऱ्या मारताना मान कशी दुसरीकडे वळवत होते, पाण्याच्या बाटलीचं झाकण मला का लागत नव्हतं, मी न सांगता घरी गेले ती संध्याकाळ. "मी बठ्ठं देखेल शे," ती म्हणाली. "शिट्टी वाजाडी नई, इतलंच."

मी विचारलं, का नाही वाजवली.

"वाजाडती ते तू घर चालनी जाती. नुकसान मनंच व्हतं ना."

 मंडपात कुणीतरी माईक ठोकून पाहत होतं. ही गोष्ट गेल्या वर्षीची. यंदा लीनाचा फोन आला, तोही आधी शालूला आला आणि मग मला, आणि माझ्या छातीत पुन्हा तेच कुरतडलं. शालू कुणाची एकटीची नाही, हे मला मान्य आहे. ते आवडतं असं नाही. यंदा मी ऑफसाईडच्या जागी उभी राहीन, पण लुडबूड करणार नाही, एवढं मी तिला फोनवर सांगून टाकलंय. ती हसली आणि म्हणाली, इमल, तू आते नियम बरोबर वाचना. पण अंतिम सामन्याच्या त्या दिवशी ती हसत नव्हती. माझा दंड तिने सोडला नव्हता.

"आते खेळ थांबना," ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढे धरला. "खाले सही कर."

मी तिच्या पर्सवरच कागद टेकवला. 'एक क्रीडाप्रेमी नागरिक' यावर आडवी रेघ मारली आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, जसं नोकरीत लिहायची तसं. कागद परत देणार, तर ती म्हणाली, तारीख टाक. मी सवयीने त्या दिवसाची तारीख घालायला पेन टेकवलं आणि थांबले. मग ज्या दुपारी ओट्यावर बसून तो अर्ज लिहिला होता, त्या दिवसाची तारीख घातली.

लीना मंडपामागे खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. आम्हाला बघून ती म्हणाली, काय मावशी. मी कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.